आग्रह पंक्तीत करा, धावपट्टीवर नको

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीला असते. तिने तिकडे खासगी वैमानिकाचा परवाना काढला आहे. तिच्यासारखी हौसेने छोटी विमानं उडवणारी सहा कुटुंबं, त्यातली चार मराठी, या उन्हाळ्यात डोंगरातल्या एका रिसॉर्टवर दोन दिवस जमणार आहेत. रिसॉर्टला स्वतःची गवताची धावपट्टी आहे. उंची ५००० फूट, लांबी ३००० फूट. प्रत्येक जण आपापल्या विमानाने तिथे उतरणार. याला तिकडे 'फ्लाय-इन' म्हणतात. आम्ही दोघं तेव्हा लेकीकडेच असू. सोसायटीच्या आणि गणेश मंडळाच्या सहली मीच काढत आलोय, म्हणून तिने आखणी माझ्यावर सोपवली. वेळापत्रक आणि सामानाची यादी सोबत जोडतो. ग्रुपवर 'सर्वांनी यायलाच हवे' असं टाकलंय. स्पर्धाही ठेवली आहे. शंका तीन : एक जोडपं येऊ की नको करतंय, त्यांना कसं तयार करावं? विमान गवतावर उतरणार म्हणून सौ. धास्तावली आहे, तिला काय सांगू? आणि वर्गणी किती धरावी?
– एक बाबा, सहकारनगर, पुणे

काका, नमस्कार.

वेळापत्रक वाचलं. 'शनिवार, स. ८.३० : सर्व विमानांचे आगमन. ८.४५ : स्वागत व चहा. ९.०० : पोहे. ९.३० : परिचय.' खाली तांबड्या शाईत 'वेळ पाळावी'. स्वारगेटहून निघणाऱ्या बसला हा कागद उत्तम. इथे मात्र पहिलीच ओळ खोडावी लागेल.

अशा पट्टीवर कंट्रोल टॉवर नसतो. येणारा प्रत्येक वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्वतःच बोलत राहतो : मी अमुक विमान, इतक्या मैलांवर, इतक्या उंचीवर, उतरायला येतोय. बाकीचे ते ऐकून आपली जागा धरतात. सहा विमानं साडेआठच्या ठोक्याला एका अरुंद दरीत आली, तर वेळ पाळायची म्हणून सहाही जण एकमेकांच्या वाटेत येणार. विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशला जुलैअखेरीस जगातला सर्वांत मोठा असा मेळावा भरतो, दहा हजारांवर विमानं येतात. तिथेही कुणाला घड्याळाची वेळ दिलेली नसते. फिस्क नावाच्या गावाकडे रेल्वेमार्गाच्या वरून, अर्धा-अर्धा मैल अंतर राखून, एकामागे एक यायचं आणि जमिनीवरून दुर्बीण लावून बसलेला माणूस 'पंख हलवा' म्हणाला की, ऐकलं हे दाखवायला, पंख हलवायचे. तुमच्या सहा विमानांना एवढा थाट नको. 'सकाळी सात ते दहा, ज्याला जसं जमेल तसं' एवढंच लिहा. पोहे भिजवून, कांदा-मिरची चिरून तयार ठेवा आणि विमान आलं की तेवढ्यांची फोडणी टाका. थंड पोहे कुणालाच नकोत, हे बसच्या सहलीलाही लागू आहे.

आता त्या 'येऊ की नको' करणाऱ्या जोडप्याकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तो आहे आणि तो तुम्ही एका ओळीत उरकला आहे.

त्यांना तयार करू नका. आपल्याकडे आग्रहाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. 'तुम्ही आल्याशिवाय आम्ही पानावर बसणार नाही' यात नुसतं प्रेम असतं, आणि पानावर बसलेल्याचं त्याने फार तर पोट बिघडतं. तेच वाक्य वैमानिकाच्या डोक्यात बसलं की समोर खिंडीत ढग उतरलेले दिसत असताना तो म्हणतो, 'थोडं पुढे जाऊन बघू, मंडळी थांबलीत.' डोळ्यांनी बाहेर बघून उडवणाऱ्या वैमानिकाने असं ढगात शिरणं हा हलक्या विमानांच्या सर्वांत जीवघेण्या अपघातांपैकी एक प्रकार. पोहोचायचंच या हट्टाला तिकडचे वैमानिक थट्टेने 'गेट-देअर-आयटिस' म्हणतात, म्हणजे तो आजार आहे असंच ते धरून चालतात. हा आजार वैमानिकाला होतो, पण बरेचदा लावतात ते जमिनीवरचे यजमान.

म्हणून आखणी अशी करा की न येणं सोपं पडेल. रिसॉर्टला फोन करून विचारा की आदल्या दिवशी रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. मिळत नसतील तर तुमच्या सगळ्यांमध्ये आधीच ठरवा की न आलेल्याचं नुकसान सर्वांनी वाटून घ्यायचं. खोली वाया जाईल म्हणून कुणी उडता कामा नये. त्या जोडप्याला दोन वाटा मोकळ्या ठेवा. एक, सरळ मोटारीने यावं. दोन, जवळच्या डांबरी धावपट्टीच्या विमानतळावर विमान ठेवावं आणि तुम्ही गाडी पाठवून त्यांना घेऊन यावं. ती गाडी, तिचा चालक आणि त्याचा फोन नंबर ही खास तुमच्या हातची कामं. मोटारीने आलेल्याला 'अरे, विमान कुठाय?' असं विचारणारा एक तरी निघतोच. त्याला तुम्हीच आवरा.

शिवाय ते जोडपं बरोबरही असू शकेल. डोंगरातली पट्टी आणि शहराबाहेरची सपाट पट्टी यांत फार अंतर असतं. काही पट्ट्यांवर एका मर्यादेनंतर उतरणं रद्द करून पुन्हा वर जायला जागाच नसते, पुढे डोंगर असतो. जाणती मंडळी आधी त्या भागात शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला बरोबर घेऊन एकदा जाऊन येतात. लेकीला विचारा, सहातल्या किती जणांनी हे केलंय. बाप म्हणून विचारा, चालेल.

आणखी एक गोष्ट तिला आजच विचारा : विमान कुणाचं? क्लबचं किंवा भाड्याचं असेल तर करारात बहुधा 'फक्त पक्क्या धावपट्टीवर' अशी अट असते. स्वतःचं असलं तरी विम्याच्या कागदात गवताबद्दल काय लिहिलंय ते बघावं लागतं. सगळी तयारी झाल्यावर आदल्या आठवड्यात हे कळलं तर फार पंचाईत होईल. रिसॉर्टची पट्टी सर्वांसाठी खुली नसेल तर मालकाची आगाऊ परवानगीही हवी. ती कुणी काढली, की प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्याने काढली?

काकूंना काय सांगायचं? सांगा की विमानं आधी गवतावर आणि मैदानावरच उतरायला शिकली, डांबर नंतर आलं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान आणलं, तेव्हा जुहूची पट्टी नुसत्या मातीची होती. पावसाळ्यात तिचा चिखल व्हायचा, म्हणून टाटांची विमानं तेवढे महिने आपल्या पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उडायची. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरही ग्लायडर काही गुळगुळीत डांबरावर टेकत नाहीत. काकूंना तिकडे जायच्या आधी, सेंटर चालू आहे का ते विचारून, एखादा दिवस हडपसरला नेऊन लांबून दाखवून आणा. गवतावर टेकताना विमान डांबरावरच्यासारखं 'च्यूक' करत नाही. आधी खालून एक सळसळ येते, मग चाकांची गडगड, थोडे हादरे, आणि वेग भराभर उतरतो. पुढचं चाक नाजूक, म्हणून वैमानिक नाक जमेल तेवढा वेळ उचलून धरतो. हे आधी माहीत असलं की हादऱ्यांची भीती वाटत नाही.

भीती वाटावी ती वेगळ्या गोष्टींची. गवत ओलं असलं की ब्रेक धरत नाहीत, मग ते पहाटेचं दव असो की मालकाने रात्री सोडलेलं पाणी. गवत वाढलेलं असलं की उडताना चाकं मागे ओढली जातात. सेस्ना १७२ या चार खुर्च्यांच्या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत कोरड्या गवतासाठी उड्डाणाची जमिनीवरची धाव १५ टक्के आणि उतरतानाची ४५ टक्के जास्त धरायला सांगितली आहे, आणि हे आकडे नवं विमान कसलेल्या वैमानिकाने उडवून काढलेले असतात. मालकाला फोन कराल तेव्हा गवत कधी कापणार, पाणी कधी देणार आणि उंदरा-खारींची बिळं कुठे आहेत हे विचारा. तुम्ही मोटारीने एक दिवस आधी पोहोचणार असाल तर मालकाच्या संमतीने पट्टी पूर्ण चालून या. टाच दाबून बघा, रुतते का. दगड, तारेचा तुकडा, स्प्रिंकलरचं तोंड, काय दिसेल ते वहीत लिहा आणि वैमानिकांना कळवा. मंडपाची जागा बघायला तुम्ही असेच फिरत असाल.

वेळापत्रकातला दुसरा घोळ दुपारचा आहे. '२.३० : विमानफेरी, सर्वांना आळीपाळीने.' हे अजिबात नको. उन्हाने हवा पातळ होते, आणि पातळ हवेत पंखांना, पुढच्या पंख्याला म्हणजे प्रोपेलरला आणि इंजिनालाही कमी हवा मिळते. त्या हवेचा हिशोब उंचीच्या भाषेत मांडतात, त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या थोडं वर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या लेखी साधारण ५४०० फुटांवरची होते. म्हणजे पुण्यात उभं असलेलं विमान कळसूबाईच्या माथ्यावर असल्यासारखं वागतं. आता तुमची पट्टी मुळातच ५००० फुटांवर. सकाळी १० अंश असताना ती ५६०० ची वागेल, दुपारी ३० अंशांत ८००० ची. त्या हवेत उड्डाणाची धाव समुद्रसपाटीच्या जवळजवळ दुप्पट होते, वर गवताचे १५ टक्के, आणि पट्टी तेवढीच ३००० फूट. भरीला डोंगरातला दुपारचा वारा आणि गडगडाटी ढग. तेव्हा उडायचं ते सकाळी लवकर, नाहीतर सरळ संध्याकाळी. जुलैत तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. दुपारी एक ते चार विमानं बांधलेली आणि माणसं आडवी. पुणेकराला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नसावी.

वजनाचं बोलायला हवं, कारण यादीत 'कुकर मोठा – १, परात, भाजणी ५ किलो' दिसलं. चार खुर्च्यांचं विमान म्हणजे चार माणसांचं विमान असं नसतं. सेस्ना १७२ च्या टाक्या पूर्ण भरल्या की नुसतं इंधनच १४० किलोंच्या पुढे जातं. मग तीन मोठी माणसं आणि थोड्या पिशव्या, एवढ्यात हिशोब संपतो. मागच्या सामानाच्या कप्प्याला कमाल ५४ किलो चालतात, तेही एकूण वजनात बसले तर. त्यात तुम्ही ८००० फुटांच्या हवेचा विचार करताय, म्हणजे वैमानिक आणखी हलकं राहायला बघणार. इंधन तिथे बहुधा मिळणार नाही, त्यामुळे ते कमी भरून वजन वाचवायचा मोहही धोक्याचा. उरतं काय, तर माणसं आणि सामान. प्रत्येकाचं वजन कपड्या-बुटांसकट खरं विचारा. बायकांना एकदा आणि पुरुषांना दोनदा विचारा, पुरुष जास्त खोटं सांगतात. कुकर, परात, तंबू, खुर्च्या आणि विशेषतः शेगडीचा गॅस, सगळं मोटारीने. विमानात बाकरवडीचं पाकीट न्यायला हरकत नाही. वर गेल्यावर ते टम्म फुगेल, घाबरू नका. काकूंनी अ‍ॅव्होमिन घेतली तर चालेल, डॉक्टरांना विचारून. वैमानिकाला मात्र आपल्या डब्यातली कुठलीच झोप आणणारी गोळी देऊ नका, मळमळो की शिंका येवोत. आणि छोट्या विमानात संडास नसतो. आपल्या वयाला हा मुद्दा चहाच्या आधीच लक्षात घ्यावा.

तारीख तुम्ही ऑगस्टचा दुसरा आठवडा धरली आहे. मी जुलैचा दुसरा आठवडा सुचवेन. जूनमध्ये वितळत्या बर्फाने डोंगरातल्या पट्ट्या ओल्या असू शकतात, जुलैअखेर ओशकोशला जाणारे निघून जातात, आणि ऑगस्टमध्ये त्या भागात वणवे पेटतात. धुराने समोरचा डोंगर दिसेनासा होतो, आग विझवणाऱ्या विमानांसाठी आकाशाचे तुकडे बंदही करतात. काही झालं तरी सोमवार राखीव ठेवा.

हा सोमवार फार महत्त्वाचा आहे, म्हणून थांबतो जरा. येताना मनाला आवर घालणारा माणूस परतताना घालतोच असं नाही. रविवारी संध्याकाळी हवा बिघडली, सकाळी ऑफिस आहे, मुलं कंटाळलीत, तेव्हाच्या निर्णयांची मला जास्त काळजी वाटते. सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा की सोमवारची रजा टाका. रिसॉर्टवर एक जास्तीची रात्र तात्पुरती धरून ठेवा. वरण-भाताचा शिधा एक वेळ पुरेल एवढा जास्त घ्या. हवा चांगली निघाली तर सोमवारी घरी झोपतील, बिघडलं काहीच नाही.

जमिनीवर तुम्ही काय करायचं ते सांगतो, तिथे तुमचा अनुभव खरा कामाला येईल. विसर्जन मिरवणुकीत पथकाभोवती दोर धरतात तसा दोर विमानं उभी करायच्या जागेभोवती बांधा. मुलं, कुत्री आणि फोटो काढणारे काका दोराच्या बाहेर. फिरता पंखा उन्हात दिसतच नाही, आणि थांबलेला पंखाही कुणी हाताने फिरवू नये, इंजिन चालू होऊ शकतं. विमान बांधायला दोर आणि खुंट्या ज्याने त्याने आणायच्या, तिथे मिळतील या भरवशावर राहू नका. शनिवारी रात्री ग्लास निघणारच. तिकडच्या कायद्याने प्यायल्यानंतर ८ तास उडता येत नाही, आणि ही किमान मर्यादा आहे. सकाळी उडणाऱ्याला ताक द्या.

आणि एक वही करा. कोण, कुठून, किती वाजता निघालं, किती माणसं, कधी पोहोचणं अपेक्षित, कुठल्या वाटेने. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते, त्यामुळे निघतानाचा निरोप हाच आधार. उतरणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी एकच विचारा : 'फ्लाइट प्लॅन बंद केला का?' फ्लाइट प्लॅन म्हणजे निघण्याआधी हवाई यंत्रणेकडे नोंदवलेली आपली वाट आणि वेळ. ज्याने तो नोंदवलाय आणि उतरल्यावर बंद करायला विसरला, त्याचा शोध ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात सुरू होतो. आणि ज्याने नोंदवलाच नाही, त्याला शोधायला फक्त तुमची वही असेल. रिसॉर्टवर लँडलाइन किंवा सॅटेलाइट फोन आहे का, तेही आधी विचारून ठेवा.

तुम्ही ठरवलेली 'रुमालावर अचूक लँडिंग' स्पर्धा आणि फिरता चषक, दोन्ही काढून टाका. अशा स्पर्धा तिकडे होतात, पण नव्या पट्टीवर, नव्या लोकांत, कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या नातेवाइकांसमोर रुमाल गाठायच्या नादात माणूस वेग फार कमी करतो. चषकाची हौस भेंड्यांवर भागवा.

वर्गणी दोन खात्यांत ठेवा. राहणं, जेवण, गाडी, दोर यांची वर्गणी तुम्ही खुशाल गोळा करा, माणशी सारखी. विमानाचा खर्च त्यात मिसळू नका. खासगी परवान्याच्या वैमानिकाला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही, इंधन वगैरे मोजका खर्च विमानातल्या माणसांनी सारखा वाटून घेता येतो आणि वैमानिकाला त्यातला स्वतःचा वाटा भरावाच लागतो. मंडळाच्या पद्धतीने 'इंधन निधी' काढलात तर लेकीचा परवाना अडचणीत येईल. ज्या त्या विमानाने आपलं आपण बघावं.

ग्रुपवर 'सर्वांनी यायलाच हवे' असं टाकलंय म्हणता, ते काढून हे टाका :

'शनिवारी सकाळी सात ते दहा कधीही या. हवा, विमान किंवा मन, काहीही ठीक नसेल तर येऊ नका. फक्त "येत नाही" एवढं कळवा, कारण कुणी विचारणार नाही. मोटारीने येणाऱ्यांसाठी रस्ता चांगला आहे. जवळच्या विमानतळावर उतरलात तर गाडी पाठवतो, नंबर खाली देत आहे. सोमवारची रजा टाकून ठेवा. सामान मोजून आणा, कुकर आमच्याकडे आहे.'